मुंबईचा दहा वर्षांचा संघ



या व्यासपीठावरून आपण आजवर वेदान्त ऐकलात, अर्थशास्त्र ऐकलेत, शिवकालही ऐकलात. आज मी आपल्यासमोर क्रिकेट घेऊन उभा आहे, तेव्हा आपल्यांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळावर आठी उमटली असेल तर ती मी समजू शकतो. माझी विनंती एवढीच की, मी खेळाविषयी बोलणार असलो तरी माझा खरा विषय निवड हा आहे. अकरा माणसे निवडायची, आणि निवडताना बाराव्याला, तेराव्याला, विसाव्याला 'तू नाहीस' असे सांगायचे, हे काम जितके दिसते तितके हलके नाही. शाळेच्या समितीपासून देवस्थानच्या पंचांपर्यंत कोठे ना कोठे हे काम आपल्यापैकी प्रत्येकाच्या वाट्याला आलेले आहे.

प्रश्न असा घेतला आहे. मुंबईच्या क्रिकेट संघाने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत ओळीने पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला. जगाच्या क्रिकेटमध्ये अशी साखळी क्वचितच कोणी गुंफली असेल. या पंधरांपैकी शेवटचे दहा हंगाम, १९६३-६४ ते १९७२-७३, आपण वेगळे काढू आणि त्या दहा वर्षांचा मिळून एक संघ निवडू.

हेच दशक का? माझ्यापुरते कारण साधे आहे. या वर्षांत मी रोह्यात शाळकरी मुलगा होतो आणि पुढे कॉलेजात गेलो. मुंबईहून एस.टी.ने येणारे वर्तमानपत्र वाचनालयात पडले की, मागच्या पानावरचा धावफलक पाहण्यासाठी आम्हां मुलांची झुंबड उडे. एकजण मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत. खेळाडूंपैकी कोणालाही आम्ही प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते, तरी ते घरच्यासारखे वाटत.

आता यात एक गंमत आहे, ती आधी सांगून टाकतो. क्रिकेटच्या कारभारात आपला जिल्हा मुंबईत येत नाही. तेव्हाचा कुलाबा आणि आजचा रायगड महाराष्ट्र संघाच्या हद्दीत मोडतो. पोटापाण्यासाठी आपण मुंबईला जातो, आपली निम्मी घरे लालबाग-परळच्या चाळींत नांदली, पण क्रिकेटच्या नकाशात आपली वाट पुण्याकडे जाते. १९७०-७१ च्या अंतिम सामन्यात मुंबईसमोर महाराष्ट्रच उभा ठाकला, तेव्हा आमच्या एका गुरुजींनी मला विचारले होते, "काय रे, आता आपण कोण?" मला उत्तर देता आले नव्हते. त्या सामन्याकडे मी पुन्हा येणार आहे.

प्रथम त्या दहा हंगामांचा हिशेब पाहू. दहा अंतिम सामन्यांपैकी चार राजस्थानशी झाले, दोन बंगालशी, दोन मद्रासशी (त्यांतील दुसऱ्या वेळी त्या संघाचे नाव तामिळनाडू झाले होते), आणि हैदराबाद व महाराष्ट्र यांच्याशी एकेक. राजस्थानचा संघ सामान्य नव्हता. सलीम दुराणी, हनुमंतसिंह यांच्यासारखे खेळाडू त्यात होते, आणि आपल्या मुंबईचेच विजय मांजरेकर तिकडून खेळत. १९६६-६७ च्या अंतिम सामन्यात हनुमंतसिंहांनी पहिल्या डावात १०९ आणि दुसऱ्या डावात नाबाद २१३ धावा केल्या. तरीही करंडक मुंबईकडेच राहिला, कारण पहिल्या डावाची आघाडी मुंबईची होती. राजस्थानला करंडक पाहायला पुढे २०१०-११ पर्यंत थांबावे लागले.

हे ऐकून कोणाला वाटेल की, अशा संघातून अकरा निवडणे किती सोपे! श्रोतेहो, ते अत्यंत अवघड आहे. दुबळ्या संघात चार माणसे ठळक दिसतात आणि बाकीच्या जागा कशाबशा भरायच्या असतात. सबळ संघात प्रत्येक जागेला तीन तीन माणसे उभी असतात. मुंबईत तेव्हा पावसाळ्यात चिखलातल्या खेळपट्ट्यांवर कांगा लीग चाले, शिवाजी पार्क जिमखाना आणि दादर युनियन यांच्यात चुरस असे, कचेऱ्यांचे संघ टाइम्स शील्डसाठी झुंजत. या चाळणीतून जो खाली येई तो कसदारच असे. म्हणून निवडीला नियम हवेत, आणि ते नावे घेण्याच्या आधी जाहीर व्हायला हवेत. माझे नियम दोन.

पहिला नियम असा की, या दहा वर्षांत मुंबईसाठी जे केले तेवढेच धरायचे. कसोटी सामन्यांतील कीर्ती बाजूला ठेवायची. बापू नाडकर्णींनी जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध ओळीने एकवीस षटके निर्धाव टाकली, ३२ षटकांत अवघ्या ५ धावा दिल्या. हे सारे जगाला पाठ आहे, पण आपल्या हिशेबात ते येणार नाही.

दुसरा नियम समजावून सांगण्यासाठी मी रोहेकरांच्या घरची उपमा घेतो. धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा खांदा देणारे बदलत असतात. देवळातून निघताना खांदा द्यायला गर्दी असते, परत येताना आरतीच्या वेळीही गर्दी असते. पण मधल्या वाटेवर, रात्र चढलेली असते, पाय दुखत असतात, तेव्हा ज्यांचा खांदा पालखीखाली असतो, पालखी खरी त्यांनी वाहिलेली असते. म्हणून माझा दुसरा नियम असा: दहा हंगामांच्या साधारण मध्यावर, म्हणजे १९६६-६७ आणि १९६७-६८ च्या सुमारास, तो मुंबईकडून खेळणारा गडी असला पाहिजे. हा मध्य मी केवळ गणिताने काढलेला नाही. १९६६-६७, १९६७-६८ आणि १९६८-६९ हे ओळीने तीन अंतिम सामने मुंबईला निकाली जिंकता आले नाहीत, ते पहिल्या डावाच्या आघाडीवर जिंकावे लागले. साखळी तुटली असती तर ती येथेच तुटली असती.

आता निवडीला बसू.

मधल्या फळीपासून आरंभ करतो, कारण तेथे वाद कमी. तिसऱ्या क्रमांकावर अजित वाडेकर. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना बाळू गुप्ते यांनी त्यांना कॉलेजच्या संघात बारावा गडी म्हणून बोलावले, आणि इंजिनियर व्हायला निघालेला हा मुलगा क्रिकेटकडे वळला, ही कथा आपल्यांतील पुष्कळांनी ऐकली असेल. १९६६-६७ मध्ये, म्हणजे आपल्या त्या कठीण मध्यावरच, त्यांनी म्हैसूरविरुद्ध ३२३ धावा काढल्या. संघाचे कर्णधारपद मी त्यांनाच देतो.

सलामीच्या एका टोकाला दिलीप सरदेसाई. मडगावचा हा माणूस मुंबईकडून रणजीत इतकी वर्षे खेळला, पण आपल्या संघाचा पराभव म्हणून त्याने कधी पाहिला नाही. चौथ्या क्रमांकावर अशोक मंकड, विनू मंकडांचे चिरंजीव. बापाचे नाव पाठीशी असणे हे खेळात ओझेही असते, आणि त्या ओझ्याखाली न वाकता अशोकने आपले स्थान स्वतःच्या डोक्याने मिळवले. पाचव्यावर मनोहर हर्डीकर. कसोटी सामने त्यांना दोनच मिळाले, १९५८-५९ मध्ये. पण मुंबईसाठी त्यांनी फलंदाजी केली, ऑफस्पिन टाकला, कर्णधारपद सांभाळले. पहिल्या नियमाचा लाभ ज्यांना व्हावा असे मला वाटत होते, त्यांतले हे पहिले नाव.

सहाव्यावर एकनाथ सोलकर. वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणारे माळी, आणि मुलगा त्याच मैदानाच्या कडेला वाढलेला. शॉर्ट लेगला फलंदाजाच्या खिशाजवळ उभे राहून झेल घेणारा असा दुसरा माणूस आपल्याकडे झाला नाही. त्यात डावखुरी मध्यमगती आणि डावखुरी फिरकी दोन्ही टाकणारा. एका जागेत तीन माणसे! यष्टिरक्षक फारूख इंजिनियर, याला कोणी हरकत घेईल असे वाटत नाही. आठव्यावर बापू नाडकर्णी. मद्रासची ती एकवीस षटके आपण वजा केली, तरी मुंबईसाठी वर्षानुवर्षे एका टप्प्यावर टाकलेला चेंडू उरतोच, आणि जोडीला भरवशाची फलंदाजी.

जलदगती गोलंदाजांत पहिले नाव रमाकांत देसाई यांचे. उंचीने एवढे ठेंगणे की त्यांना 'टायनी' म्हणत, पण चेंडू फलंदाजाच्या छातीपर्यंत उसळे.

येथवर आठ नावे झाली. उरल्या तीन जागा, आणि या तिन्ही जागांनी माझी झोप घालवली.

पहिली जागा सलामीच्या दुसऱ्या टोकाची. आपण सर्व जण एकच नाव मनात धरून बसला आहात, हे मला येथून दिसते आहे: सुनील गावसकर. आणि माझा नियम सांगतो की ते या संघात बसत नाहीत. (श्रोत्यांत कुजबुज.) जरा ऐकून घ्या. आपल्या मध्यावर गावसकर मुंबईच्या राखीव खेळाडूंत होते, मैदानात उतरले नव्हते. पुढे उतरले ते पहिल्या सामन्यात शून्यावर बाद झाले, आणि मामा माधव मंत्री निवड समितीवर असल्यामुळे भाच्याला जागा मिळाली अशी कुजबुज झाली. दुसऱ्या सामन्यात राजस्थानविरुद्ध ११४ धावा करून त्यांनी ती कुजबुज बंद केली. १९७१ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये चार कसोटींत ७७४ धावा! पण तो खेळ भारतासाठी होता आणि तो मुंबईच्या पुढच्या दशकाचा आरंभ होता.

मग त्या जागी कोण? येथे मी १९७०-७१ च्या त्या अंतिम सामन्याकडे परत येतो. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर आणि मंकड, असे मुंबईचे पाच खंदे खेळाडू त्या वेळी भारताच्या संघातून वेस्ट इंडिजला गेलेले. ज्या संघातून अर्धा संघ उचलून नेला, त्याचे नेतृत्व सुधीर नाईक या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या सलामीच्या फलंदाजाकडे आले. समोर महाराष्ट्र. आणि मुंबईने तो सामना ४८ धावांनी जिंकला. साखळी तुटली नाही. पुढचा हंगाम सुरू झाला, वेस्ट इंडिजचे वीर परत आले, आणि करंडक जिंकून देणाऱ्या या कर्णधाराला अकरांत जागा उरली नाही. त्याला वगळण्यात आले. मी यात कोणाला दोष देत नाही. गावसकर, सरदेसाई, वाडेकर परत आल्यावर कोणती समिती दुसरे काय करणार? त्या दिवसाचा सामना जिंकणे हे तिचे कर्तव्य होते. पण आपली समिती त्या दिवसाचा सामना जिंकायला बसलेली नाही. पालखी कोणी वाहिली हे सांगायला बसली आहे. सुधीर नाईक १९६६-६७ पासून मुंबईकडून खेळत होते. सलामीला सरदेसाईंबरोबर मी त्यांचे नाव लिहितो, आणि उपकर्णधारपदही देतो. नाईक २०२३ मध्ये निवर्तले. ही जागा त्यांना आधी कोणी दिली असती तर बरे झाले असते.

दुसरी जागा दुसऱ्या जलदगती गोलंदाजाची, आणि येथे मला माझीच झडती घ्यावी लागली. उमेश कुलकर्णी हे डावखुरे जलदगती गोलंदाज. जन्म अलिबागचा, म्हणजे आपल्या जिल्ह्याचा. १९६७-६८ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यात चार कसोटी सामने खेळले, त्यांत बळी मिळाले पाच. दुसरीकडे अब्दुल इस्माईल. चेंडू हवेत वळवण्याची त्यांची कला पाहून जाणते लोक माना डोलावत, आणि कसोटी मात्र त्यांना एकही मिळाली नाही. कोणी म्हणाले की गोलंदाज म्हणून इस्माईल सरस, तर मी वाद घालणार नाही. पण इस्माईल मुंबईकडून उतरले ते १९६९-७० च्या सुमारास. मध्यावर ते नव्हते, कुलकर्णी होते.

हा हिशेब मी आमच्या पेणच्या संध्याकाळच्या बैठकीत मांडला, तेव्हा एक वृद्ध स्नेही हसून म्हणाले, "मास्तर, तुम्ही नियम आधी केलात की माणूस आधी पाहिलात?" हा प्रश्न मला चांगलाच झोंबला. रात्री घरी जाऊन मी स्वतःलाच विचारले की, कुलकर्णींचा जन्म अलिबागऐवजी अमरावतीचा असता तर मी हाच नियम ठेवला असता का? ज्या नियमाने कुलकर्णी आत आले, त्याच नियमाने माझा सर्वांत आवडता फलंदाज बाहेर गेला. माणूस पाहून नियम करायचा असता तर मी तो गावसकरांसाठी केला असता. एवढे उत्तर मिळाल्यावर मला झोप लागली. दुसऱ्या दिवशी ते स्नेह्यांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "ठीक आहे. पण हे उत्तर तुम्हांला शोधावे लागले, हे विसरू नका." मी ते विसरलेलो नाही. निवड करणाऱ्याने हा प्रश्न दर वेळी स्वतःला विचारावा, आणि आपल्या गावचा माणूस यादीत असेल तेव्हा दोनदा विचारावा.

आता शेवटची, अकरावी जागा. पेणकरांना सांगायला नको की, मूर्ती घडते, वाळते, रंगते, आणि डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी होते. ती चुकली तर बाकीचे कष्ट वाया. माझ्या संघाचे डोळे मी शेवटी ठेवले आहेत. ते नाव पद्माकर शिवलकर.

मध्यावर शिवलकर होते, पण नाडकर्णींच्या सावलीत. दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज, आणि एका संघात अशी दोन माणसे सहसा घेत नाहीत. मुंबईची जागा मिळेपर्यंत भारताच्या संघात बिशनसिंग बेदी येऊन बसले होते. शिवलकर प्रथम श्रेणीचे १२४ सामने खेळले, ५८९ बळी घेतले, प्रत्येक बळीमागे वीसहून कमी धावा दिल्या. आणि कसोटी सामना एकही नाही. आपल्या दशकाचा शेवटचा सामना आठवा. १९७२-७३, मद्रास, समोर तामिळनाडू, आणि चेंडू गरगर फिरणारी खेळपट्टी. मुंबईचे दोन डाव १५१ आणि ११३. एवढ्या धावांवर अंतिम सामना कोण जिंकतो? शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले. तामिळनाडूचे डाव ८० आणि ६१ वर आटोपले. मुंबई १२३ धावांनी विजयी. पंधराव्या करंडकावर शेवटची मोहोर उमटवली ती अशा माणसाने, की ज्याला भारताची टोपी कधी मिळाली नाही.

एका संघात दोन डावखुरे फिरकी गोलंदाज नकोत, असे जाणकार म्हणतील. म्हणू द्यात. ज्या कारणाने ते आयुष्यभर बाहेर राहिले, त्याच कारणाने मी त्यांना पुन्हा बाहेर ठेवणार नाही. आणि गावसकरांना वगळले म्हणून जे रागावले असतील त्यांना सांगतो की, गावसकरांनी 'आयडॉल्स' नावाच्या आपल्या पुस्तकात ज्या थोर खेळाडूंवर लिहिले, त्यांत कसोटी न खेळलेले दोन आहेत. एक हरियाणाचे राजिंदर गोयल आणि दुसरे हेच शिवलकर. या जागेबद्दल गावसकर माझ्याशी भांडणार नाहीत, अशी माझी खात्री आहे. या दोघाही गोलंदाजांना २०१७ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाने सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. मार्च २०२५ मध्ये शिवलकर गेले.

संघ असा झाला: सुधीर नाईक, दिलीप सरदेसाई, अजित वाडेकर, अशोक मंकड, मनोहर हर्डीकर, एकनाथ सोलकर, फारूख इंजिनियर, बापू नाडकर्णी, रमाकांत देसाई, उमेश कुलकर्णी आणि पद्माकर शिवलकर. बारावे बाळू गुप्ते. त्यांच्या लेगस्पिनला अकरांत जागा देता आली नाही, याचे मला वाईट वाटते. ज्यांनी वाडेकरांना बारावा गडी केले त्यांनाच वाडेकरांच्या संघात मी बारावा गडी करतो आहे. ऑफस्पिनर शरद दिवाडकर, फलंदाज विजय भोसले ही नावेही मी लिहून खोडली. खोडताना पेन्सिल वापरली, शाई वापरली नाही, एवढेच सांगतो.

श्रोतेहो, हा संघ प्रत्यक्षात कधीच मैदानात उतरणार नाही. यातले बहुतेक जण आज हयात नाहीत. तरी हा उद्योग व्यर्थ आहे असे मला वाटत नाही. खरी निवड समिती उद्याच्या सामन्यासाठी निवडते. तिला ताज्या बळाकडे पाहावे लागते, आणि त्यात सुधीर नाईकांसारखा माणूस मागे राहतो. तिची ती अडचण आपल्याला नाही. उद्याचा सामना आपल्याला जिंकायचा नाही, म्हणून कोणी किती ओझे वाहिले हे सांगण्याचा वेळ आपल्याजवळ आहे. तो वेळ असून आपणही केवळ मोठी नावेच घेतली, तर त्या माणसांचा हिशेब मांडणारे दुसरे कोणी नाही.

म्हणून जाता जाता एक विनंती. पेणला आणि रोह्याला किती तरी क्रीडामंडळे आहेत, कबड्डीची आहेत, क्रिकेटची आहेत. त्यांच्या जुन्या खेळाडूंची नावे आज साठी-सत्तरीच्या लोकांच्या तोंडी आहेत, कागदावर नाहीत. आपापल्या मंडळाचा दहा वर्षांचा संघ आपण निवडा. नियम आधी लिहा, नावे मागाहून लिहा, आणि ज्यांना वगळाल त्यांचीही नावे खाली लिहून ठेवा. भांडणे होतील, ती होऊ द्यावीत. त्या भांडणांतच विसरलेला एखादा माणूस सापडेल.

गुरुजींच्या त्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला अजून देता आलेले नाही. १९७०-७१ च्या त्या सामन्यात ४८ धावांनी हरलेला महाराष्ट्र माझा होता की जिंकलेली मुंबई माझी होती? वाचनालयात निकाल वाचला तेव्हा मी आनंदाने ओरडलो, हे खरे. आणि घरी जाताना गुरुजींचे घर चुकवून दुसऱ्या आळीने गेलो, हेही खरे.

 रोहेकर मंडळींना परतीची गाडी गाठायची आहे, म्हणून येथेच थांबतो.